फरक पडला नाही, हीच बातमी!

फॅमिली डॉक्टरांच्या कामातलं नेमकं किती काम एखादी खास शिकलेली नर्स एकटी, तितक्याच नीट करू शकेल? उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं: डॉक्टरांचं एक, नर्सेसचं दुसरं. पण मतं बाजूला ठेवून हे चक्क मोजायचंच ठरवलं तर?

अशा खास शिकलेल्या नर्सची ‘नर्स प्रॅक्टिशनर’ ही भूमिका १९६५ मध्ये अमेरिकेत, कोलोरॅडो विद्यापीठात जन्मली. लॉरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी त्यासाठीचा अभ्यासक्रम सुरू केला. भूमिका तर आली, पण तिची हद्द कुठवर? ती कुणी आखायची?

१९७१ मध्ये कॅनडातल्या बर्लिंग्टन गावी एक भन्नाट प्रयोग सुरू झाला. दोन फॅमिली डॉक्टरांचा एक दवाखाना होता. त्यांच्याकडची १,५९८ कुटुंबं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटून टाकली! १,०५८ कुटुंबं नेहमीप्रमाणे डॉक्टरांकडे, ५४० नर्स प्रॅक्टिशनरकडे. वर्षभर हाच रिवाज.

माणसं न वाटता कुटुंबं का वाटली असतील? विचार करा, आई डॉक्टरांकडे आणि मुलगा नर्सकडे जात असेल, तर नर्सने दिलेला सल्ला रात्रीच्या जेवणापर्यंत आईच्याही कानावर पडणारच. मग गुण कुणाच्या खात्यात मांडायचा? किती साधी गोष्ट, पण ती आधी सुचली म्हणून पुढची सगळी मोजणी टिकली.

आता उपचारांचा दर्जा. तो कसा मोजणार? समजा, मुलाचा कान दुखतोय. कानात डोकावून पाहिलं का? औषध योग्य दिलं का? अशा कसोट्या आधी ठरवून मग नोंदी तपासायच्या. निकाल पाहा: डॉक्टरांच्या गटात ६६ टक्के वेळा उपचार समाधानकारक, नर्सच्या गटात ६९ टक्के. आणि नर्सकडे आलेल्या दर १०० भेटींपैकी ६७ तिने डॉक्टरांना न विचारता निभावल्या. हद्द आखायची होती ना? हा घ्या आकडा!

मला सर्वांत मोहवते ती या प्रयोगाची उलटी चाल. एरवी नवं औषध तपासताना फरक दिसला तर संशोधक खूश होतात. इथे मात्र लोकांच्या तब्येतीत, समाधानात फरक न दिसणं हेच यश होतं.

मोजणीत आणखी एक गोष्ट सापडली. समाजाचा एकूण खर्च घटला, पण दवाखान्याची कमाईही घटली, कारण नर्सने स्वतंत्रपणे केलेल्या कामाचे पैसे मिळण्याची नियमांत सोयच नव्हती. काम सिद्ध झालं, तरी त्याचं मोल देणारा रकाना बिलात नव्हता. हे मला आजही बोचतं.

आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने या प्रगत भूमिकेची व्याख्या केली ती २००२ मध्ये: तज्ज्ञ ज्ञान, गुंतागुंतीचे निर्णय घेण्याची हातोटी, आणि वाढीव कामाचं कौशल्य. त्या कामाचं रूप मात्र ज्या-त्या देशाच्या परिस्थितीवर सोडलं. म्हणजे मोजणी जागोजागी नव्याने आलीच! २०१८ मध्ये, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात अशा १८ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. रुग्णांची तब्येत बहुधा तितकीच किंवा थोडी अधिक चांगली राहिली, आणि एक फरक मात्र दिसलाच: नर्सेस प्रत्येक रुग्णाला बहुधा जास्त वेळ देत होत्या.