पडदा काळवंडतो तेव्हा

आवाज ठणठणीत, चित्र मात्र अंधारात. डबा टीव्हीच्या काळात मेकॅनिकचं कसब या तक्रारीवर पारखलं जायचं. पडद्यावर एकच आडवी पांढरी रेघ आली, तर दोष व्हर्टिकल सेक्शनमध्ये आहे हे दुकानातला शिकाऊ पोऱ्याही सांगे. काळवंडलेलं चित्र इतक्या सरळपणे बोलत नाही. सेट ट्यूबला पुरेसं काही देत नाही, की ट्यूबकडेच द्यायला काही उरलेलं नाही? पहिलं असेल तर काम चार-दोन रुपयांच्या रेझिस्टरवर भागे; दुसरं असेल तर सेटमधला सर्वांत महाग भाग गेलेला असे. गिऱ्हाइकाचा जीव टांगणीला लागे तो इथे.

कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी 1897 मध्ये केलेली कॅथोड किरणांची नळी हा या ट्यूबचा मूळपुरुष. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, 1982 मध्ये रंग आले, तरी आतलं तत्त्व तेच राहिलं. ट्यूबच्या मानेत फिलामेंट तापतो, कॅथोडवरच्या बेरियम ऑक्साइडच्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि 21 इंची रंगीत सेटमध्ये साधारण 25 हजार व्होल्टचा दाब, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ईएचटी, त्यांना पडद्याकडे खेचून नेतो. यातली कुठलीही कडी सैल झाली की उजेड कमी.

जाणता मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हर काढण्याआधी फडकं मागायचा. पडद्यावरची स्थिर वीज धूळ, उदबत्तीचा धूर, फोडणीची वाफ सगळं ओढून घेते. काळ्या-पांढऱ्या सेटवर हौसेने लावलेली निळी प्लास्टिकची काच तर उजेड खायलाच बसलेली असे! जुन्या सेटमध्ये घरचा व्होल्टेज पडला की चित्र बाजूंनी आक्रसून मंद व्हायचं. तिथे दोष टीव्हीचा नव्हेच.

मागचं झाकण उघडल्यावर पहिली नजर ट्यूबच्या मानेकडे. फिलामेंट नारिंगी पेटलाय का? रंगीत सेटमध्ये त्याला लागणारे 6.3 व्होल्ट बहुधा ईएचटी ट्रान्सफॉर्मरवरूनच येतात, तेही सेकंदाला 15,625 ठोक्यांच्या रूपात. साधा मल्टिमीटर इथे चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून मेकॅनिक मीटरपेक्षा लाली पाहून अंदाज बांधत. लाली फिकी असेल तर ड्राय सोल्डर, मानेवरचा गंजलेला सॉकेट किंवा वाटेतला रेझिस्टर तपासायचा. पडद्याजवळ हात नेल्यावर केस उभे राहिले, तर ईएचटी निदान येतोय. पण ब्राइटनेस वाढवताच चित्र फुगून पसरलं, तर तो अपुरा पडतोय: दाब घटला की इलेक्ट्रॉन मंदावतात आणि जास्त वळतात.

त्याच ट्रान्सफॉर्मरवर दोन पेच असतात, फोकस आणि स्क्रीन. स्क्रीनचा पेच हळूच फिरवून पडदा उजळला आणि तिरप्या बारीक रेषा दिसू लागल्या, तर ट्यूबमध्ये जीव आहे. मग शोध दुसरीकडे. बऱ्याचदा गुन्हेगार निघतं एबीएल, म्हणजे ट्यूब फार प्रवाह ओढू लागली तर ब्राइटनेस खाली आणणारं सर्किट. त्यातला जास्त ओमचा रेझिस्टर ओपन झाला की ते निरोगी चित्रही दाबून टाकतं. घाईतले मेकॅनिक मात्र मुळाशी न जाता तोच पेच पिळून पैसे घेत. मग नायकाचे काळे केस राखाडी दिसायचे, आणि गिऱ्हाईक त्यालाच दुरुस्ती समजे.

दमलेली ट्यूब वेगळी ओळखू येते. सुरू केल्यावर चित्र उमटायला कितीतरी मिनिटं लागतात, चेहऱ्यावरचा उजेड रुपेरी होऊन फाकतो, आणि रंगीत सेटमध्ये तीनपैकी एक कॅथोड आधी थकला की सगळं चित्र एका रंगाकडे झुकतं. यावर जुगाड होता. ईएचटीच्या फेराइट कोअरवर इन्सुलेटेड वायरचा एखाद-दुसरा वेढा मारून फिलामेंटला थोडा जास्त व्होल्टेज द्यायचा. बूस्टर नावाचं यंत्रही होतं: फिलामेंट काही क्षण जादा तापवून कॅथोडमधून जोराचा प्रवाह काढायचा, म्हणजे वरचा निकामी थर झडतो. ट्यूब काही महिने उजळे किंवा जागीच मरे. हा सौदा गिऱ्हाइकाला आधी सांगणारा मेकॅनिक प्रामाणिक म्हणावा.

एक भीती मात्र सगळ्यांना सारखीच. प्लग काढल्यावरही ट्यूब कपॅसिटरसारखी वीज धरून ठेवते. अ‍ॅनोडची रबरी टोपी काढण्यापूर्वी ही साठलेली वीज ट्यूबच्या बाहेरच्या अर्थ पट्टीवर उतरवावी लागते, आणि हे काम नवशिक्याने घरी करून बघण्याचं नाही.

सॅमटेल, जेसीटी, व्हिडिओकॉन यांच्या ट्यूब एकेकाळी देशातच बनत. आता बदलायची ट्यूब म्हणजे दुसऱ्या भंगार सेटमधून काढलेली. जुन्या व्हिडिओ गेमचे शौकीन असे सेट पुन्हा शोधू लागलेत. घेताना त्यांनी सेट पूर्ण थंड असतानाच समोर सुरू करायला लावावा. आधीपासून तापवून ठेवलेल्या सेटवर दमलेली ट्यूबही तरुण दिसते.