नादार कैद्याचा अर्ज

१९६२ सालच्या जानेवारी महिन्यात फ्लॉरिडा राज्यातील एका तुरुंगातून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडे एक अर्ज आला. तुरुंगातून मिळणाऱ्या कागदावर तो पेन्सिलीने लिहिलेला होता. अर्जदार क्लॅरेन्स गिडियन याच्यावर बिलियर्डचा एक अड्डा फोडल्याचा आरोप होता. खटल्याच्या वेळी त्याने सरकारी खर्चाने वकील मागितला. परंतु गुन्हा देहान्त शिक्षेचा नसल्यामुळे वकील मिळाला नाही, पाच वर्षांची सजा मात्र मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने अर्ज दाखल करून घेतला आणि १९६३ च्या मार्चमध्ये एकमताने ठरविले की, गंभीर गुन्ह्याच्या आरोपीस वकील करण्याची ऐपत नसेल तर तो सरकारने पुरविला पाहिजे. त्याच वर्षी खटला पुन्हा चालला. या खेपेस वकील होता, आणि गिडियन निर्दोष सुटला.

परंतु तुरुंगातून येणारा प्रत्येक कागद गिडियनचा नसतो. नादार माणसास कोर्ट-फी आगाऊ न भरता दावा लावण्याची सवलत अमेरिकेच्या मध्यवर्ती न्यायालयांत १८९२ च्या कायद्याने मिळाली. कैद्यापाशी वेळ पुष्कळ, पैसा नाही आणि वकीलही नाही. तेव्हा तो स्वतःच लिहितो, आणि फेटाळले गेले तरी पुन्हा लिहितो. १९९५ साली कैद्यांनी या न्यायालयांत गुदरलेल्या दिवाणी दाव्यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात गेली होती. त्यांतील बहुतेक निष्फळ ठरत. तथापि ते निष्फळ आहेत एवढे कळण्यासाठीही कोणीतरी ते वाचावेच लागत. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी १९५३ मध्येच इशारा दिला होता की, गवताच्या गंजीत सुई शोधण्याचे काम ज्याच्या माथी येते, त्याला अखेरीस सुईच कवडीमोल वाटू लागते.

शुभवर्तमानातील विधवेची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. न्यायाधीश निगरगट्ट, पण ती वारंवार येऊन न्याय मागते, आणि केवळ कटकट चुकावी म्हणून तो अखेर तिचे गाऱ्हाणे ऐकतो. अमेरिकेच्या न्यायालयांनी याच कटकटीवर निराळा उपाय काढला. टेनेसीतील एका गृहस्थाने १९७१ पासून सर्वोच्च न्यायालयात ७३ अर्ज केले होते आणि ते सर्व नामंजूर झाले होते. १९८९ मध्ये न्यायालयाने हुकूम केला की, विशेष आज्ञापत्रांसाठी या गृहस्थाचा अर्ज यापुढे फीवाचून स्वीकारू नये. निर्णय पाच विरुद्ध चार असा झाला. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांचे म्हणणे असे की, असा अर्ज नामंजूर करण्यास फारसा वेळ लागत नाही. मात्र दार बंद करण्याची सवय जडली, तर एखादे दिवशी खऱ्या तक्रारीचा माणूसही बाहेरच राहील. त्यांचे मत मागे पडले. १९९१ मध्ये न्यायालयाने निरर्थक वा खोडसाळ अर्जांना नादारीची सवलत नाकारणारा नियमच केला.

यापुढचे पाऊल कायदेमंडळाचे होते. त्या वेळी एक किस्सा फार गाजला: कोणा कैद्याने म्हणे पीनट बटर जाडसर न मिळता मऊ मिळाले म्हणून सरकारवर दावा लावला! मध्यवर्ती अपील न्यायालयाचे न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी मूळ कागदपत्रे काढून पाहिली. कैद्याने न मागितलेला माल परत केला होता. त्याचे अडीच डॉलर मात्र त्याच्या खात्यात परत जमा झाले नव्हते. तक्रार लहान खरी, पण हास्यास्पद नव्हती. कारण तुरुंगातील मजुरी कित्येक ठिकाणी तासाला काही सेंट एवढीच असते. किस्सा मात्र मूळ रूपातच फिरत राहिला.

१९९६ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कैद्यांच्या दाव्यांसंबंधीच्या नव्या कायद्यावर सही केली. कैद्याला आता फी माफ होत नाही. ३५० डॉलरची फी त्याच्या खात्यातून दरमहा वीस टक्क्यांच्या हप्त्याने कापली जाते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रत्येक दाव्याचा हप्ता वेगळा. म्हणजे पाच दावे असल्यास महिन्याची सारी मिळकत त्यांतच जावयाची. शिवाय ज्याचे तीन दावे निरर्थक, खोडसाळ किंवा कायद्याने दाद न मिळण्याजोगे म्हणून निघाले, त्याला ही हप्त्याची सोयही नाही. बेसबॉलच्या खेळात फलंदाजाचे तीन चेंडू हुकले की तो बाद होतो. त्यावरूनच या नियमाचे नाव पडले आहे. अपवाद एकच: शरीरास गंभीर इजा होण्याचा धोका ऐन उंबरठ्यावर असला पाहिजे. काल झालेली मारहाण त्यात सहसा बसत नाही, आणि पत्रे अडविणे किंवा उपासनेस मज्जाव करणे हे तर मुळीच बसत नाही. शिक्षेलाच आव्हान देणारे गिडियनसारखे अर्ज या नियमाबाहेर आहेत, हे मात्र कबूल केले पाहिजे.

कायद्याचा परिणाम झाला. कैद्यांची संख्या वाढत असताना पाच-सहा वर्षांत त्यांचे दावे सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. घटलेल्यांत सुया किती होत्या हे मोजावयाचे कसे, हा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या उपद्रवी दाव्यांच्या प्रतिबंधक कायद्यातही सवयीच्या फिर्याद्यावर बंधन घालता येते. पण तेथे न्यायालयाची पूर्वपरवानगी मागावी लागते, आणि ती देताना नव्या दाव्यास सकृद्दर्शनी आधार आहे की नाही हे पाहिले जाते. त्यात न्यायाधीश निदान नवा कागद वाचतो. अमेरिकेच्या नियमात जुने तीन कागद मोजले जातात; चौथ्यात काय लिहिले आहे हा प्रश्न, वरील अपवाद सोडल्यास, उद्भवतच नाही.

ही मोजणीही उत्तरोत्तर कडक होत गेली. तिसरा दावा फेटाळल्यावर अपील चालू असले तरी तो जमेस धरावा, असे २०१५ मध्ये ठरले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने आणखी एक निर्णय दिला: दाव्यात कायद्याने दाद मिळण्याइतका मजकूर नाही म्हणून तो काढून टाकला, आणि मजकूर सुधारून पुन्हा गुदरण्याची मुभा ठेवली, तरीसुद्धा तो तिहींपैकी एक म्हणून मोजावयाचा. वकिलाच्या हाताखालून गेलेल्या दाव्यात अशी उणीव क्वचित राहते. तुरुंगाच्या कोठडीत एकट्याने लिहिलेल्या दाव्यात ती पहिल्याच पानावर सापडते.