जबडा आखडला, कंबरही?
कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा. हलतोय तो जबड्याचा सांधा. कमरेखाली, माकडहाडाच्या वर, सॅक्रोइलियाक सांधा असतो. या दोघांचं काय नातं? २००३ साली जर्मन संशोधकांनी २० निरोगी विद्यार्थ्यांच्या दातांत मुद्दाम अडथळा ठेवला, तेव्हा वरच्या मानेत आणि सॅक्रोइलियाक सांध्यात हालचाल आखडल्याचं आढळलं. अभ्यास छोटा, त्यामुळे कंबरदुखीचं खापर लगेच जबड्यावर फोडू नका.

आपल्या गोंदियात मात्र खर्रा आठवतोच! त्यातली सुपारी सतत चघळून जबड्यावर ताण येतो. सुपारीमुळे तोंड आखडण्याचा आजार होतो, तो वेगळाच. त्यात भाताच्या रोवणीला दिवसभर वाकणं, म्हणजे कंबरेवरही ताण. तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, तर आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. कंबरेचं नंतर बघू.