शर्यत, प्रीती आणि घड्याळ

मोटारसायकलच्या शर्यतीवरचा चित्रपट म्हटला की दोन पुरुष, दोन यंत्रे आणि एक तरुणी, असा हिशेब प्रेक्षक आधीच मनाशी मांडून बसतो. १९३५ सालचा ‘नो लिमिट’ हा इंग्रजी विनोदी बोलपट याच हिशेबाचा आहे. तरीही आज आपणांपुढे त्याचा विषय काढावासा वाटतो. कारण धैर्य म्हणजे नेमके काय, या जुन्या प्रश्नाला तो हसत हसत हात घालतो.

प्रथम स्थळ पाहू. इंग्लंड व आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात मॅन नावाचे लहानसे बेट आहे. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये वाहनांचा वेग ताशी २० मैलांवर बांधला गेला आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ते बंद करण्यास तेथे मुभा नव्हती. मॅनचे विधिमंडळ स्वतंत्र; त्याने ती दिली. म्हणून १९०७ पासून ‘टी. टी.’ ही मोटारसायकलींची शर्यत या बेटावर भरू लागली. १९११ पासून वापरात आलेला तिचा डोंगरी मार्ग सुमारे पावणेअडतीस मैलांचा आहे. तो खास बांधलेला नव्हे. घरे, दगडी कुंपणे आणि वळणे यांमधून जाणारा तो नित्याचा रस्ताच होय.

चित्रपटाचा नायक जॉर्ज हा विगन गावचा, धुराडी साफ करणारा गडी. ही भूमिका जॉर्ज फॉर्म्बी यांनी केली. कथा वॉल्टर ग्रीनवुड यांची. बेकारीवरील कादंबरीने ते त्यापूर्वीच गाजले होते. जॉर्ज एक जुनी गाडी स्वतःच्या हातांनी दुरुस्त करून बेटावर येतो. तेथे एका कारखान्याचा नावाजलेला, गर्विष्ठ स्वार त्याचा प्रतिस्पर्धी होतो, आणि फ्लॉरी नावाची मुलगी त्याच्या मनात भरते.

सरावात जॉर्जच्या गाडीचा ब्रेक निकामी होतो. त्याला थांबता येत नाही, आणि त्यातूनच फेरीचा विक्रम मोडला जातो! लोक त्याला शूर म्हणतात. पण आपण केवळ घाबरलो होतो, हे तो जाणतो. पुढे त्याचा धीर सुटतो. फ्लॉरी त्याला धीर देते. यंत्राने ओढून नेलेला मनुष्य आता समजून-उमजून रस्त्यावर उतरतो. प्रीतीचे काम येथे एवढेच, पण ते मोठे आहे.

चित्रपटात प्रतिस्पर्धी समोर दिसावा लागतो. प्रत्यक्षात त्या काळी स्वार ३० सेकंदांच्या अंतराने सुटत. खरा सामना घड्याळाशी असे. त्याच १९३५ साली मुख्य शर्यतीत जिमी गथ्री प्रथम परतले आणि त्यांचे अभिनंदनही झाले. स्टॅन्ली वुड्स त्यांच्यामागून साडेचौदा मिनिटांनी सुटले होते. शेवटच्या फेरीपूर्वी ते पेट्रोलसाठी थांबतील अशी सर्वांची अटकळ होती. ते थांबले नाहीत, आणि २६४ मैलांअंती अवघ्या ४ सेकंदांनी जिंकले. पटकथालेखकालाही याहून चांगला शेवट सुचला नसता.

परंतु हसताना एक गोष्ट विसरू नये. गथ्री १९३७ मध्ये जर्मनीतील शर्यतीत मरण पावले. मॅनच्या त्या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वारांनी प्राण गमावले आहेत. ‘नो लिमिट’ म्हणजे ‘मर्यादा नाही’. यंत्राच्या वेगाला ते शोभेल. मनुष्याच्या देहाला मर्यादा आहे. ती ओळखून जो निघतो त्याला शूर म्हणावे. ज्याला थांबताच येत नाही त्याला नव्हे. धुराडी झाडणाऱ्या जॉर्जला हे उमगले, म्हणून त्याचा विजय आम्हांला गोड वाटतो.