चालत्या बाईला विचारलेला प्रश्न

मराठीत ‘छेडणे’ हे क्रियापद दोन ठिकाणी वापरतात. तंबोऱ्याच्या तारा छेडतात आणि रस्त्याने जाणाऱ्या मुलीची छेड काढतात. तारेला बोट लागले की नाद उमटतो. छेड काढणाऱ्याचीही अपेक्षा तशीच असते. मुलगी दचकावी, लाजावी, चिडावी, निदान तिने वाट तरी बदलावी. ‘छेडछाड’ या शब्दाला त्यामुळे एक खेळकर वास राहून गेला आहे. इंग्रजी वळणाच्या ‘ईव्ह टीझिंग’लाही तोच आहे. शब्द असा सौम्य असला की तक्रार करणारी बाई आपोआप कांगावखोर ठरते. म्हणून या लेखात मी ‘उपद्रव’ हा साधा शब्द वापरणार आहे.

विषयही आखून घेते. सकाळ-संध्याकाळ मोकळ्या जागी चालायला, धावायला किंवा सायकल चालवायला जाणाऱ्या व्यक्तीला अनोळखी माणसांकडून होणारा उपद्रव, एवढाच. मी कोणत्याही विद्यापीठाशी जोडलेली नाही. स्त्रियांच्या रस्त्यावरच्या वावरासंबंधी जे हाती लागेल ते गेली काही वर्षे वाचत आले आहे आणि पुण्याच्या टेकड्यांवर स्वतः चालत आले आहे. या दोन्हींतून जे उमगले ते मांडते.

१८८३ : स्ट्रँडवरचे फिरणे

आनंदीबाई जोशी आपल्याला पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक म्हणून माहीत आहेत. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, अमेरिकेला निघण्यापूर्वी, त्यांनी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजात इंग्रजीतून भाषण केले. तेव्हा त्यांना अठरावे वर्ष चालू होते. ‘मी अमेरिकेस का जाते’ हा त्याचा विषय. त्यातला वैद्यकशिक्षणाचा भाग पुष्कळदा सांगितला जातो. पण त्याच भाषणात त्यांनी आपल्या पायी चालण्याचा अनुभवही सांगितला आहे आणि त्याकडे फारसे कोणी वळत नाही.

रस्त्याने जाताना लोक भोवती गोळा होत, हसत. नदीकाठच्या स्ट्रँडवर फिरायला गेले तर गोरे साहेब किंवा सोल्जर त्रास देत नसत. त्रास देत ते शिकलेसवरलेले बाबू लोक. त्यांचे प्रश्न ठरलेले असत. तुम्ही कोण, जात कोणती, आलात कुठून, चाललात कुठे. अनोळखी माणसाने असे प्रश्न विचारू नयेत, असे आनंदीबाईंनी त्या सभेत स्पष्ट सांगितले.

या चारांपैकी एकाही प्रश्नात अश्लील काही नाही. तरीही तो उपद्रवच होता, कारण विचारणाऱ्याला उत्तर जाणून घ्यायचे नव्हते. या जागेवर वावरण्याचा हिशेब मागण्याचा अधिकार आपला आहे, एवढेच त्याला दाखवायचे होते. त्याआधी पस्तीस वर्षे, १८४८ मध्ये, पुण्यात सावित्रीबाई फुल्यांवर शेण-चिखल फेकला गेला, तो त्या ज्या कामाला निघाल्या होत्या त्या कामाला विरोध म्हणून. आनंदीबाईंच्या बाबतीत नुसते फिरणे एवढे कारण पुरले. आजच्या टेकडीवरचा, तळ्याकाठचा उपद्रव या दुसऱ्या जातीचा आहे.

पिशवी आणि बूट

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे मुंबईवरचे ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये आले. त्यांचा एक मुद्दा असा की, सार्वजनिक जागी वावरणाऱ्या बाईला आपल्याला काहीतरी काम आहे हे सतत दिसत ठेवावे लागते. भाजीची पिशवी, कडेवरचे मूल, खांद्याची पर्स हे तिचे परवाने. काही काम नसताना नुसते उभे राहणे पुरुषाला जमते, बाईला नाही.

या मुद्द्याला मी व्यायामाची जोड देऊन पाहिली. बूट, पाण्याची बाटली, मनगटावरचे घड्याळ हेही परवानेच आहेत. पण ते कच्चे. भाजी घरासाठी असते, नोकरीही घरासाठी म्हणून खपते. धावणे मात्र केवळ तिच्यासाठी असते. त्यात ती घामाघूम असते, धापा टाकत असते, तिचे शरीर कामात गुंतलेले असते. रोज पदर किंवा ओढणी सावरत चालणारी बाई इथे दोन्ही हात मोकळे ठेवून पळते. ज्याला हिशेब मागायचाच आहे, त्याला यात निमित्त सापडते.

उपद्रवाची रूपे बायकांना पाठ आहेत. टोमणा, शीळ, गाणे. “काकू, पळून काय होणार आता?” हा फुकटचा सल्ला. गाडी हळू करून बरोबरीने चालवत राहणे. अरुंद पायवाटेवर मुद्दाम अंग न चोरणे. मोबाइल उभा धरून चित्रण करणे. सलग काही दिवस मागून येणे. आडोशाला उभे राहून अश्लील कृती करणे. यातल्या पहिल्या टोकाला ‘एवढं काय मनावर घ्यायचं’ म्हणतात आणि शेवटच्या टोकाला ‘मग तिथे गेलीच कशाला’ म्हणतात. बाईला मात्र टोमणा कानावर पडताच गणित मांडावे लागते. हा इथेच थांबणार की पुढे जाणार, वळणापलीकडे कोणी असेल का, फाटक किती लांब आहे. टोमणा दोन सेकंदांत संपतो, पण हे गणित पुढचा अर्धा तास चालू राहते.

नियमितपणाचा पेच

व्यायामाचा गुण नियमितपणात असतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. ती सवयीशिवाय होत नाही, आणि सवय म्हणजे तीच वेळ, तीच वाट. उपद्रव देणाऱ्याला नेमके हेच सोयीचे पडते. ती साडेपाचला फाटकातून शिरते, पावणेसहाला पाण्याच्या टाकीपाशी असते, हे त्याला आठवडाभरात कळते. तिला त्याच्याबद्दल काहीही ठाऊक नसते. दोघे एकमेकांना अनोळखी असतात, पण ते अनोळखीपण सारखे नसते.

आता आपण देतो ते सल्ले पाहा. वेळ बदल. वाट बदल. एकटी जाऊ नकोस. अंधार असताना नको. कानात गाणी नकोत. सैल कपडे घाल. फाटकावरचा रखवालदारही मायेनेच म्हणतो, “ताई, एकट्या येत जाऊ नका.” यातले काही सल्ले त्या दिवसापुरते शहाणपणाचे असतात आणि धोका समोर असेल तर पाळावेतच. पण सगळे एकत्र ठेवले की दिसते, प्रत्येक सल्ला तिच्या सवयीचा एक तुकडा काढून घेतो. सोबतीण आजारी पडली की चालणे बंद. उजाडेपर्यंत थांबले की डबे, शाळा, ऑफिस यांत वेळ संपतो. तिला कोणी बंदी घातलेली नसते. तिचे चालणे आपोआप विरत जाते. आणि रखवालदाराच्या काळजीतही नकळत तोच जुना प्रश्न आलेला असतो, तुम्ही इथे कशाला?

‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांमध्ये ५७ टक्के. या तफावतीला घरकाम, वेळेची टंचाई, मैदानांची वानवा अशी अनेक कारणे आहेत आणि सगळा दोष उपद्रवावर टाकणे बरोबर होणार नाही. पण मधुमेह आणि हाडांच्या ठिसूळपणाबद्दल बायकांना व्याख्याने देताना, चालायला जायची वाट कशी आहे हे विचारायला आपण विसरतो.

कायदा कुठे पोहोचतो

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिची कलमे थोडक्यात अशी. लज्जाभंगाच्या हेतूने अंगावर हात टाकणे, कलम ७४, शिक्षा एक ते पाच वर्षे. लैंगिक आशयाचे शेरे, कलम ७५, एक वर्षापर्यंत. नकोसा लैंगिक स्पर्श असेल तर तीन वर्षांपर्यंत. पाठलाग, कलम ७८, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत. लज्जा दुखावण्याच्या हेतूने शब्द, हावभाव किंवा खासगीपणावर आक्रमण, कलम ७९, तीन वर्षांपर्यंत. वाट अडवणे हा कलम १२६ खाली गुन्हा आहे आणि तो कोणाही व्यक्तीच्या बाबतीत लागू होतो.

कागदावर हे पुष्कळ आहे. अडचण पाठलागाच्या व्याख्येत दिसते. तिथे ‘वारंवार’ हा शब्द आहे आणि बाईने आपली नापसंती स्पष्ट दाखवलेली असावी अशी अट आहे. टेकडीवरच्या बाया सहसा मान खाली घालून वेग वाढवतात, कारण बोलले तर प्रकरण वाढेल ही भीती असते. त्यांची ती नापसंतीच असते, पण नंतर ती सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून आजूबाजूला माणसे असतील तेव्हा एकदा मोठ्याने “माझ्या मागे येऊ नका” असे म्हणणे उपयोगाचे ठरते. त्याला साक्षीदार मिळतो. घरी आल्यावर तारीख, वेळ, जागा, गाडीचा क्रमांक वहीत लिहून ठेवणेही तसेच. चार नोंदी झाल्या की ‘वारंवार’ या शब्दाला आधार मिळतो.

दुसरी अडचण हद्दीची. एकाच टेकडीला खालून दोन-तीन पोलीस ठाणी लागतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. वरच्या ७४ ते ७९ या कलमांखालची स्त्रीची तक्रार महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक आहे आणि महिलांसाठी १८१.

कट्टा

तरीही कायदा पोहोचतो तो घटनेनंतर. घटनेच्या वेळी जवळ असतात ती बाकीची फिरणारी माणसे. जेन जेकब्स यांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात शहराच्या सुरक्षिततेचे एक साधे कारण मांडले, की रस्त्यावर सहज रेंगाळणारी नजर असावी लागते. आपल्याकडे ही नजर कट्ट्यावर बसते. दादरच्या शिवाजी पार्कला चहूबाजूंनी कट्टा आहे. हे मैदान १९२५ मध्ये खुले झाले आणि १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला आजचे नाव मिळाले. तिथे म्हातारे, क्रिकेटची पोरे, जोडपी, चालणाऱ्या बाया सगळे एकाच वेळी असतात. अशा गर्दीत उपद्रव मुळीच होत नाही असे नाही. कट्ट्यावरून पहारा होतो तसे टोमणेही तिथूनच येतात. फरक एवढाच, की कट्ट्यावर नाना तऱ्हेची माणसे असली तर टोमणा मारणाऱ्याला आजूबाजूला पाहावे लागते.

पण नजर नुसती असून भागत नाही. ‘राइट टू बी’ ही अमेरिकेतली संस्था बघणाऱ्यांना पाच मार्ग शिकवते. ते आपल्या भाषेत असे सांगता येतील. विषय मोडणे : “ताई, किती वाजले?” म्हणत तिच्या बरोबर चार पावले चालणे. दुसऱ्याला सांगणे : रखवालदाराला, माळ्याला. नोंद ठेवणे, आणि ती तिच्या हवाली करणे. नंतर विचारपूस : “बरं आहे ना? फाटकापर्यंत येऊ का?” आणि स्वतःला धोका नसेल तर थेट बोलणे. पहिल्या चारांना धाडस फारसे लागत नाही. सकाळी फिरणाऱ्या पुरुष वाचकांना मी एवढेच सांगेन, की तुमच्या पुढे चालणाऱ्या बाईला ओलांडताना वाट रुंद असेल तिथून, थोडे अंतर ठेवून ओलांडा. तिचे गणित तेवढे सोपे होते.

सरकारी जबाबदारीही लिखित आहे. ३० नोव्हेंबर २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बसथांबे, स्थानके यांबरोबर उद्याने आणि समुद्रकिनाऱ्यांवरही साध्या वेशातल्या महिला पोलीस नेमण्यास सांगितले. मोक्याच्या जागी कॅमेरे लावण्यास सांगितले आणि प्रकार पाहणाऱ्या वाटसरूनेही पोलिसांना कळवावे असे म्हटले. आपल्या नगरसेवकाकडे किंवा पोलीस ठाण्यात निवेदन देणाऱ्या चालकरी मंडळांनी या निकालाचा उल्लेख जरूर करावा.

तोच प्रश्न, दुसरी भाषा

हा प्रश्न फक्त बायकांना विचारला जातो असेही नाही. २३ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अहमद आरबेरी हा पंचवीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण एका वस्तीतून धावत होता. तीन गोऱ्या पुरुषांनी गाड्या घेऊन त्याचा पाठलाग केला, त्याला अडवले आणि त्यातल्या एकाने गोळी घालून त्याला मारले. तो चोर असावा असा त्यांचा दावा होता. तिघेही पुढे खुनाचे दोषी ठरले. तू कोण, इथला आहेस का, पळतोस कशाला, असा हिशेब मागण्याचा हक्क त्यांनी गृहीत धरला होता. आपल्याकडेही ‘चांगल्या’ सोसायटीभोवती पळणाऱ्या, कपड्यांवरून परक्या वाटणाऱ्या मुलाला हटकले जाते. तेव्हा हटकणाऱ्यांत बायकाही असतात, हे आपण ध्यानात ठेवायला हवे.

म्हणूनच ‘बायकांची सुरक्षितता’ एवढ्यावर हा विषय संपवू नये असे मला वाटते. सुरक्षितता घरी बसवूनही देता येते. आपण पिढ्यान्‌पिढ्या ती तशीच देत आलो. मागणी आहे ती बिनहिशेबी वावराची. उजाडायच्या आत कोणी एकटीने टेकडी चढली, तर ती का चढली याचे उत्तर तिने कोणालाही द्यावे लागू नये. आनंदीबाईंनी १८८३ मध्ये सभेसमोर एवढेच म्हटले होते. त्यांच्या डॉक्टरकीचा आपण अभिमान बाळगला. त्यांचे हे साधे म्हणणे अमलात आणायचे राहिले आहे.