सही आधी की नकाशा आधी?

झोपडपट्टी पुनर्वसनात रहिवाशांची संमती घेतात; त्यांचं मत मात्र क्वचितच विचारतात. पुण्यातच याला अपवाद घडून गेला आहे.

कर्वेनगरच्या जुन्या सोसायट्यांत सध्या चर्चेला एकच विषय पुरतो, तो म्हणजे पुनर्विकास. कार्पेट किती वाढणार, पार्किंग एक की दोन, भाडं कधीपर्यंत मिळणार? सभा लांबतात, आवाज चढतात. पण सभासदाच्या पाठीशी नियम उभे असतात. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली सरकारने ४ जुलै २०१९ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार पुनर्विकासाच्या विशेष सभेला दोन तृतीयांश सभासद हजर लागतात, सभेचं चित्रीकरण होतं आणि ५१ टक्के सभासदांची संमती लागते. आराखडा कसा असावा, यावर सूचना करायलाही वाव असतो.

याच कर्वेनगरात वडारवस्तीही आहे. कुठल्याही वस्तीत पुनर्वसनाची हवा सुरू झाली, की क्रम बहुधा उलटा असतो. विकसक येतो, सर्वेक्षण होतं, संमतिपत्रावर सही किंवा अंगठा घेतला जातो. इमारत किती मजल्यांची, शेजारी कोण, लिफ्टचं वीजबिल कोण भरणार, हे पुढे कधीतरी कळतं. घर फुकट मिळतं. विकसकाचा खर्च विक्रीच्या जादा बांधकामातून किंवा टीडीआरमधून, म्हणजे दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्कातून, निघतो. या हिशेबात मोजली जातात ती संमतिपत्रं. मुंबईच्या नियमावलीत तर संमतीची अट ७० टक्क्यांवरून ५१ वर आली. योजना लवकर मार्गी लागाव्यात म्हणून ते ठीकही असेल, पण रहिवाशाचं ऐकून घेण्याची गरज त्याने आणखी कमी झाली.

येरवड्याचा प्रयोग

केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेत शहरी गरिबांसाठी बीएसयूपी हा भाग होता. त्याखाली येरवड्याच्या नेताजीनगर, मदर तेरेसानगर, भाटनगर अशा वस्त्यांमध्ये २००९ च्या सुमारास काम सुरू झालं. महापालिकेसोबत स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन हे बचत करणाऱ्या बायकांचं जाळं होतं. वास्तुविशारद प्रसन्न देसाई.

इथे वस्ती उठवून टॉवर उभारला नाही. पक्की घरं तशीच ठेवली, कच्ची तेवढी पाडली आणि त्याच जागी, त्याच गल्लीत नवी बांधली. घर साधारण २७० चौरस फुटांचं, खर्च तीन लाखांच्या आसपास. त्यातला दहा टक्के वाटा कुटुंबाचा, बाकीचा सरकार आणि महापालिकेचा.

खरी कसोटी लागली ती जागेच्या वाटपात. एखाद्याची झोपडी नव्वदच फुटांची असेल, तर २७० फूट व्हायला घर तीन मजली करावं लागतं. मग जिनाच खोली खातो आणि गुडघे धरलेल्या आजीला वर चढता येत नाही. म्हणून शेजाऱ्यांनी जागा एकत्र करून सामायिक बांधकाम करायचा पर्याय ठेवला. गल्ली थोडी रुंद करायची तर कुणाला हातभर मागे सरायला लावायचं, हे वस्तीतच बसून ठरवावं लागलं. असं हातभर मागे सरायला नकाशा सांगू शकत नाही. समोरची शेजारीणच सांगू शकते.

प्रयोगाच्या उणिवाही होत्या. दहा टक्क्यांची जुळवाजुळव काहींना जड गेली, आणि अशी सुटी-सुटी घरं बांधणं कंत्राटदाराला टॉवरपेक्षा किचकट. रहिवाशांना सामील करून घ्यायला वेळ लागतो, हे मान्यच करायला हवं.

बायकांना काय दिसतं

येरवड्याच्या प्रयोगाआधी, १९९९ पासून, पुण्याने वस्त्यांमध्ये सार्वजनिक शौचालयांची मोठी मोहीम घेतली. रत्नाकर गायकवाड तेव्हा आयुक्त होते. महिला मिलनच्या बायकांनी आराखड्यात सुचवलेल्या गोष्टी साध्या होत्या: स्त्री-पुरुषांच्या रांगा वेगळ्या, देखभाल करणाऱ्याला राहायला खोली आणि मुलांसाठी लहान, धरायला दांडा असलेली वेगळी शौचालयं. सकाळच्या गर्दीत मोठी माणसं पोरांना रांगेतून बाजूला सारतात, म्हणून पोरं बाहेर उघड्यावर बसतात, हे रोज पाहणारीलाच सुचणार. त्याही आधी, ऐंशीच्या दशकात, मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी घराचा पूर्ण आकाराचा नमुना उभारला होता. खोली छोटी चालेल, पण छत चौदा फूट उंच हवं, म्हणजे पोटमाळा निघेल, ही त्यांची मागणी.

ऐकलं नाही तर काय होतं? लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधले भाडेकरू आगीच्या धोक्याबद्दल वारंवार बजावत होते. १४ जून २०१७ च्या आगीत ७२ माणसं गेली. त्यानंतर इंग्लंडला २०२३ मध्ये सामाजिक घरांसाठी नवा कायदा करावा लागला.

आपल्याकडे एवढी वाट पाहायचं कारण नाही. सहीचा कागद पुढे येण्याआधी वस्तीत आराखडा लावावा, खोलीचं माप मोकळ्या जागेत चुन्याने आखून दाखवावं, देखभालीचा महिन्याचा अंदाजी खर्च लिहून द्यावा आणि बायकांची सभा वेगळी घ्यावी. सोसायटीच्या सभासदाला जे हक्काने मिळतं, त्याच्याच जवळपासचं हे मागणं आहे. ते कायद्यात येईपर्यंत वस्तीने ते सहीची अट म्हणून मागावं. सही हातात आहे तोवरच विकसक थांबून ऐकतो.