शेवरले क्रूझ : एका दमदार सेदानची ओळख

सेदान म्हणजे चार दारांची आणि मागे वेगळी डिकी असलेली गाडी. तिला ताकदीचे इंजिन आणि वळणावर न डगमगणारी बांधणी दिली की ती स्पोर्ट सेदान होते. आपल्या देशात अशा अमेरिकन नावाच्या गाड्या मोजक्याच आल्या. शेवरले क्रूझ त्यांपैकी एक.

लुई शेवरले हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला शर्यतपटू. 1911 मध्ये त्याच्या नावाने अमेरिकेत कंपनी निघाली आणि पुढे ती जनरल मोटर्सचा भाग झाली. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचे काम सुरू केले. 1954 मध्ये ते थांबले. 1990 नंतर कंपनी परतली. गुजरातेत हालोल आणि 2008 पासून पुण्याजवळ तळेगाव, असे तिचे दोन कारखाने झाले.

क्रूझ भारतात ऑक्टोबर 2009 मध्ये आली. नाव अमेरिकन असले तरी ती दक्षिण कोरियात आधीच देवू नावाने विकली जात होती. लांबी सुमारे 4.6 मीटर. अमेरिकेत ही लहान गाडी समजतात, आपल्याकडे मात्र ती मोठीच वाटते! जागतिक टूरिंग कार स्पर्धेत 2010, 2011 आणि 2012 अशी सलग तीन वर्षे क्रूझ चालवणारा चालकच विजेता ठरला.

तिची खरी ओळख म्हणजे दोन लिटरचे डिझेल इंजिन. सुरुवातीला त्याची ताकद सुमारे 150 अश्वशक्ती होती. त्यातला टर्बो असा चालतो : इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक छोटी चक्री फिरवतो आणि ती चक्री जास्तीची हवा दाबून आत पाठवते. हवा जास्त म्हणजे जास्त डिझेल जाळता येते, म्हणून जोर वाढतो. पण फेरे कमी असताना धूरही कमी, त्यामुळे चक्री मंद. म्हणून क्रूझ आधी सुस्त वाटे आणि मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या आसपास एकदम झेप घेई. रस्सीखेचीत सगळ्यांचे पाय रोवले गेले की दोर जसा सरकतो, तसेच हे.

मात्र इंजिन चांगले असले तरी गाडीचे आयुष्य तेवढ्यावर ठरत नाही. जनरल मोटर्सने 2017 च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली. 2020 मध्ये तळेगावचे उत्पादनही बंद झाले आणि तिथल्या कामगारांपुढे रोजगाराचा प्रश्न उभा राहिला. तो कारखाना आता ह्युंदाईकडे आहे.

दिल्ली परिसरात आणखी एक अडचण होती. प्रदूषणामुळे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना इथे मनाई केली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. गुरुग्रामला राहणाऱ्या माझ्या काकांची 2011 ची क्रूझ चालण्यात ठणठणीत होती. तरी 2021 मध्ये ना हरकत प्रमाणपत्र घेऊन ती साताऱ्याच्या एका गृहस्थांना विकावी लागली. काकांना वाईट वाटले. पण हिवाळ्यात धुरक्यामुळे आमची सकाळची पीटी रद्द होते, तेव्हा तो नियम का केला हेही समजते.

म्हणून घरी गाडी घ्यायची चर्चा निघाली, तर अश्वशक्तीबरोबर तीन गोष्टी विचारा : इंधन कोणते, सुटे भाग मिळतील का आणि आपल्या शहरात ती किती वर्षे चालवता येईल?